काकांचा शिंगरू

गणपतीच्या प्रसादाला एकही मुंगी लागली नाही म्हणून हळहळणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला.

जपानातल्या ग्योतोकुच्या कम्युनिटी हॉलमध्ये आमच्या मराठी मंडळींचा गणपती होता. मला पुण्याहून येऊन जेमतेम चार महिने झाले होते आणि नवी म्हणून मला मोदकांच्या ताटापाशी उभं केलं होतं. एक साठीचे किडकिडीत गृहस्थ आले. मासे धरायला जाणारे लोक घालतात तसलं खिशाखिशांचं जाकीट, खिशांतून डोकावणाऱ्या प्लॅस्टिकच्या डब्या. त्यांनी वाकून ताटाला एक प्रदक्षिणा घातली, टेबलाखाली डोकावून पाहिलं आणि मला विचारलं, "सकाळपासून ठेवलेत?"

"हो काका."

"गूळ-खोबऱ्याचं सारण. दारं उघडी. आणि एक मुंगी नाही!" मग अगदी खिन्न होऊन म्हणाले, "काय देश आहे. देव आला तरी मुंगी येत नाही."

अर्धा मोदक त्यांनी खाल्ला आणि उरलेला अर्धा कागदात गुंडाळून जाकिटाच्या खिशात टाकला. ते गेल्यावर शेजारची बाई म्हणाली, "मनावर घेऊ नकोस. सरडेकाका ते. घरात सरडा पाळलाय. त्याच्यासाठी दिवसभर मुंग्या गोळा करतात." मी मनात म्हटलं, चला, इथेही आपल्या पेठेतल्यासारखी माणसं आहेत, करमेल.

काका जपानात पंचवीस वर्षं होते. तोयोसुच्या ज्या ऑफिसात पुढे माझा नवरा लागला, तिथले ते सगळ्यात जुने भारतीय. काकू जाऊन दहा वर्षं झाली होती. मुलगी कॅनडात. पुढच्या एप्रिलमध्ये आम्ही घर बदललं आणि योगायोगानं बरोबर त्यांच्या खालचा फ्लॅट मिळाला. सामान लावून होतंय तोच काका दारात. हातात डबी. "तुमच्या गॅलरीत मुंग्या निघाल्या तर मला सांगायचं. मारायच्या नाहीत," म्हणाले. स्वागत म्हणून हे मला नवीनच होतं.

मग त्यांनी मला वर नेऊन तो दाखवला.

काचेच्या मोठ्या पेटीत वाळू आणि दोन दगड, वरून दिवा. मला पाच मिनिटं काही दिसलंच नाही. मग वाळूनं डोळा मिटला आणि मी किंचाळले. तळहातावर मावेल एवढा, चपटा, वाळूच्याच रंगाचा. डोक्यामागे शिंगांची कड, अंगाला दोन्ही बाजूंनी काट्यांची झालर. पोळपाटावर लाटून मग तसाच विसरून गेल्यासारखा दिसत होता. अमेरिकेच्या वाळवंटातला शिंगवाला सरडा, काकांनी सांगितलं. नाव शिंगरू.

"काका, शिंगरू म्हणजे घोड्याचं पिल्लू ना?"

"मला माहीत आहे. तिला माहीत नव्हतं," काका म्हणाले. "शिंगं आहेत म्हणून शिंगरू, असा लेकीचा हिशेब. सतरा वर्षांची होती. तीन वर्षं घरात तिनं मराठीचा एक शब्द उच्चारला नव्हता. उच्चारला तो हा. आता तो चुकीचा आहे म्हणून सांगू?"

ही तीन वर्षं कसली, ते मला हळूहळू कळलं. काकू हॉस्पिटलात होत्या. त्या दिवशी काकांच्या ऑफिसात नवी सिस्टिम सुरू व्हायची होती. मुलीनं चार वेळा फोन केला. काका दर वेळी "निघतोच" म्हणाले आणि पोचले तेव्हा दोन तास उशीर झाला होता. चौदा वर्षांची पोर आईशेजारी एकटी बसून होती. ती भांडली नाही, रडली नाही. फक्त बापाशी मराठी बोलायची बंद झाली. काही विचारलं की जपानीत उत्तर द्यायची, तेही मोजकं. सतरा वर्षांची झाली तेव्हा एक दिवस हा सरडा घेऊन आली. अठराव्या वर्षी कॅनडाला शिकायला गेली आणि जाताना पेटीवर एक चिठ्ठी चिकटवून गेली: काय खायला घालायचं, दिवा किती वेळ, पाणी कसं. खाली सही नाही, "बाबा" नाही, काही नाही.

"पण चिठ्ठी माझ्यासाठीच होती," काका म्हणायचे. "घरात दुसरं कोण होतं?"

तेव्हापासून दर रविवारी काका तिला शिंगरूबद्दल मेसेज पाठवत आणि ती दोन शब्दांत उत्तर देई. बापलेकीत एवढंच उरलं होतं. शिंगरू आहे तोवर मेसेज आहे, आणि तो गेला की हेही संपलं, हे काकांना पक्कं ठाऊक होतं. असले सरडे माणसाच्या घरात बहुधा वर्षभरही टिकत नाहीत. काकांनी तो सात वर्षं जगवला होता.

त्यासाठी त्यांनी काय काय केलं ते सांगायचं तर त्यांच्या मुंग्यांबद्दल सांगायला हवं.

बाजारातल्या किड्यांवर शिंगरू जगत नाही, त्याला मुंग्याच लागतात. "मुंगीत खाण्यासारखं असतं काय? सगळं टरफल," काका समजावून सांगत. "म्हणून ढिगानं खाव्या लागतात. म्हणून पोट मोठं. पोट मोठं म्हणून अंग रुंद, रुंद म्हणून पळता येत नाही, पळता येत नाही म्हणून काटे. बघ, एवढा सगळा प्राणी एका मुंगीपायी असा झालाय." आणि मुंगी हलती हवी. मेलेलीकडे तो बघतही नाही. त्यामुळे काका ती कुंचल्यानं उचलून डबीत सोडत, एका वेळी एक. "घाई केली की मुंगी मरते" हे त्यांचं वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं, की पुढेपुढे पोळी करपली तरी मला तेच आठवे.

नदीच्या बांधावर ते गुडघे टेकून बसलेले दिसायचे. एकदा दोन जपानी आज्या तिथून चालल्या होत्या. त्यांना वाटलं, ह्या परदेशी माणसाचं काहीतरी हरवलंय. त्याही शेजारी वाकून शोधायला लागल्या. काय हरवलंय ते विचारायचा त्यांना संकोच आणि काही हरवलेलं नाही हे सांगायचा काकांना संकोच. तिघंही पाऊण तास गवत चाचपत होती. शेवटी एका आजीला शर्टाचं बटण सापडलं, ते काकांनी मनापासून आभार मानून घेतलं आणि घरी आणून जाकिटाला शिवलं. दुसऱ्या एका वेळी बागेतल्या घसरगुंडीखाली घुसले म्हणून कोणीतरी पोलिसाला बोलावलं. काकांनी मोबाइलवर शिंगरूचे फोटो दाखवले, तो कोल्ह्याच्या तोंडात सापडला तर डोळ्यांतून रक्ताची चिळकांडी उडवतो हेही सांगितलं. पोलीस पोरसवदा होता, वही मिटून ऐकत बसला. "पण तुमच्याकडे उडवली का कधी?" त्यानं विचारलं. काका म्हणाले, "सात वर्षांत एकदाही नाही. त्याला माझी भीती वाटली नाही."

हा किस्सा सांगताना काका इथे थांबत. पुढे कोणीतरी हसून दुसरा विषय काढेपर्यंत थांबत.

आमचे लोक त्यांची टिंगल करायचे, ते मी लपवत नाही. ऑफिस सुटलं की काका कधी पार्टीला नाहीत, ट्रिपला नाहीत. घर आणि बांध, बांध आणि घर. "सरड्याची धाव कुंपणापर्यंत," असं एकानं त्यांच्यासमोरच म्हटलं. काका हसले. "खरंय. पण कुंपणाशी मुंग्या चांगल्या मिळतात हो."

माझी त्यांच्याशी गट्टी जमली ती त्यांच्या जपानीमुळे. पंचवीस वर्षांत काका जपानी शिकले ते फक्त ऑफिसात. त्यांना यायची ती गिऱ्हाइकाला पत्र लिहायची जपानी. लेकीला मराठी वाचता येत नव्हतं, म्हणून मेसेज त्याच भाषेत जायचा. एका शनिवारी चहाला आले असताना त्यांनी मला लिहिलेलं दाखवलं. त्याचं मराठी करायचं तर असं: "आपल्या सततच्या सहकार्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. शिंगरू-सान यांचे आजचे भोजन कोणत्याही अडचणीविना पार पडले, हे कळविण्यास आनंद होतो."

"काका! पोटच्या पोरीला असं लिहितात?"

"मग कसं लिहितात?" त्यांनी खरंच विचारलं.

मी तेव्हा डबे भरायच्या दुकानात बाइतो करत होते, म्हणजे दिवसाचं चार-पाच तासांचं काम. तिथल्या बायकांत राहून मला घरगुती जपानी येऊ लागलं होतं. मी ते वाक्य मोडून दिलं: "आज शिंगरूनं छान खाल्लं. तू जेवलीस का?" काकांनी त्या शेवटच्या तीन शब्दांवर बोट ठेवलं. "हे विचारलं तर चालेल?" म्हणाले. चाललं. त्या रविवारी तिचं उत्तर दोन शब्दांऐवजी एका ओळीचं आलं: "जेवले. इथे अजून थंडी आहे." काकांनी ती ओळ मला जिन्यात गाठून वाचून दाखवली. त्यानंतर दर शनिवारी चार वाजता चहा आणि मेसेजचं व्याकरण, असं ठरूनच गेलं. चहा बशीत ओतून, फुर्र आवाज करत.

जूनमध्ये पुण्याहून फोन आला, काकांची आई अत्यवस्थ आहे. ह्या वेळी काका तासाभरात निघाले. जाताना घराची आणि पेटीची किल्ली माझ्या हातात दिली. पंधरा दिवसांचा प्रश्न होता. दिवा सकाळी लाव, संध्याकाळी बंद कर. पाणी वाटीतून पीत नाही, अंगावर पिचकारीनं फवार. तो पाठ उंच करून डोकं खाली घालतो आणि खवल्यांमधल्या फटींतून पाणी आपोआप तोंडाशी जातं. आणि मुंग्या बांधावरच्याच. "घराजवळच्या नकोत," काका दोनदा म्हणाले. "लोक औषधं टाकतात."

"काका, निश्चिंत जा," मी म्हटलं. असं म्हणायला काय लागतं?

नऊ दिवस मी नेमानं बांधावर गेले. दहाव्या दिवशी पाऊस. अकराव्या दिवशीही पाऊस. ह्या दिवसांतला इथला पाऊस म्हणजे आकाशाला सर्दी झाल्यासारखा, थांबतच नाही. बांधावर चिखल, मुंगी औषधालाही नाही. बाराव्या दिवशी मी कामावरून उशिरा आले, भिजलेली, वैतागलेली. शिंगरू दोन दिवस उपाशी. आणि माझ्याच गॅलरीच्या कडेला, वरच्या गॅलरीखालच्या कोरड्या जागेत, मुंग्यांची रांग दिसली. मला देव भेटल्यासारखं झालं. त्या जरा सुस्त होत्या, कुंचल्यावर पटापट येत होत्या. एरवी अर्धा तास लागायचा, त्या दिवशी दहा मिनिटांत डबी भरली. शिंगरूनंही अधाशासारख्या खाल्ल्या.

सकाळी दिवा लावला तेव्हा तो डोळे मिटून, तोंड किंचित उघडं ठेवून पडला होता. मी बोटानं हलवलं. उचलला. तो इतका हलका लागला की मला आधी वाटलं, नुसती कातच हातात आली.

गॅलरीत येऊन बसले आणि मग मला ती रेघ दिसली. पांढरी, दाराच्या उंबऱ्यापासून कठड्यापर्यंत. मुंग्यांचा खडू. पुण्याहून निघताना आईनं मसाल्यांच्या पुड्यांबरोबर चार कांड्या दिल्या होत्या. आमच्या घरात ओट्याखाली, डब्यांभोवती, दारात अशी रेघ मारायची इतकी सवय की दर महिन्याला हात आपोआप फिरतो. औषध टाकणारे लोक, असं काका म्हणाले तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर शेजारचे आले, पलीकडचे आले, जपानी आले. मी आले नाही. आपल्या घरचा खडू हे कधी कुणाला औषध वाटतं का? त्या मुंग्या सुस्त का होत्या, ते मला आत्ता कळलं. कळून काय उपयोग?

मी काकांना फोन केला नाही. त्यांच्या आईचा दहावा होता.

ते परत आले तेव्हा मी जिन्यातच सांगितलं, "काका, शिंगरू गेला," आणि हुंदकेच द्यायला लागले. काकांनी बॅग खाली ठेवली. वर जाऊन पेटी उघडली. मी त्याला तसाच रुमालात ठेवला होता. काकांनी त्याच्याकडे पाहिलं, मग वाळूकडे. कोपऱ्यात न खाल्लेल्या सहा-सात मुंग्या पाय आखडून मरून पडल्या होत्या. त्या त्यांनी कुंचल्यानं एकेक करून तळहातावर घेतल्या, बघितल्या आणि मूठ मिटली.

"वय झालं होतं त्याचं," काका म्हणाले. "रडू नकोस."

मी तो शब्द घट्ट धरून ठेवला. वय झालं होतं. चला, सुटले.

त्याच संध्याकाळी आम्ही दोघं बांधावर गेलो. तिथे गवतात काळ्या मुंग्यांचं एक जुनं वारूळ होतं. काकांनी त्याच्याशेजारी हातभर खड्डा केला. "इतकी वर्षं ह्यांचं खाल्लं. आता ह्यांनी खावं," म्हणाले. माती सारखी केल्यावर त्यांनी गुडघे झटकले आणि खाली मान घालून म्हणाले, "मंडळींत कुणाला बोलू नकोस. तिच्यापर्यंत जायला नको."

शनिवारी चार वाजता ते नेहमीसारखे आले. मला वाटलं होतं, येणार नाहीत. गॅलरीचं दार उघडं होतं. काका उंबऱ्याशी वाकले, रेघेवर बोट फिरवलं, नाकाशी नेलं. मग वळून म्हणाले, "हे ओल्या फडक्यानं पुसून टाक. आणि फडकं धुऊ नकोस, टाकून दे. पावसानं नदीत जातं." आत येऊन बसले, बशीत चहा ओतला, मोबाइल पुढे केला. "हे बघ बरं, बरोबर आहे का?"

लिहिलं होतं: "आज शिंगरूनं छान खाल्लं."

त्यांना कळलं होतं. मला कळलं होतं की त्यांना कळलंय. दोघांनी त्यावर पुढची दीड-पावणेदोन वर्षं एक अक्षर काढलं नाही. ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. त्याऐवजी दर शनिवारी मी त्या खोट्याचं व्याकरण तपासून दिलं. आज ऊन खात बसला. आज वाळूत शिरला, नुसती शिंगं दिसतायत. आज अकरा मुंग्या खाल्ल्या. जुने फोटो भरपूर होते, ते एकेक जात होते. वर रोज सकाळी पेटीतला दिवा लागायचा. जिन्यातून येता-जाता वर बघितलं की दाराच्या काचेत त्याचा उजेड दिसायचा. मुलीची उत्तरं लांबत चालली. कामाचं, घरमालकिणीचं, बर्फाचं. एकदा तिनं आईच्या आमटीची कृती विचारली, तेव्हा काका माझ्याकडे धावत आले, कारण त्यांनाही ती येत नव्हती. मी माझ्या आईची सांगितली.

पुढच्या वर्षी मे महिन्यात मात्र चहा निवून गेला तरी ते मोबाइल पुढे करेनात. मुलीनं विचारलं होतं, सुट्टीत येऊ का. आठ वर्षांत पहिल्यांदा.

"या म्हणा ना काका!" मी म्हटलं आणि लगेच जीभ चावली.

"काय दाखवू तिला? वाळू?" काका म्हणाले. त्यांनी लिहिलं, शिंगरूची कात निघतेय, नवं माणूस आलं तर तो बिथरेल, नंतर ये. मी त्यातला एक प्रत्यय दुरुस्त केला. देवा, प्रत्यय दुरुस्त केला मी. तिचं उत्तर आलं, "बरं. त्याला त्रास नको."

फेब्रुवारीत काका गेले. हृदयविकाराचा झटका आला, रात्रभरात संपलं. मी आणि नवरा हॉस्पिटलात होतो. मुलगी तिसऱ्या दिवशी पोचली. सव्वीस वर्षांची, बापासारखीच किडकिडीत. सगळं जपानी पद्धतीनं शांतपणे पार पडलं. दुसऱ्या दिवशी घर आवरायला मी तिच्या मदतीला वर गेले. जळणारा कचरा, न जळणारा कचरा, मोठा कचरा असे ढीग लावत होतो. ती पेटीपाशी येऊन थांबली. दिवा बंद होता. पेटी रिकामी बघून ती दचकली नाही, तेव्हा मीच दचकले.

"मला माहीत होता, ताई," ती म्हणाली. तिचं मराठी चौदाव्या वर्षी थांबलं होतं, लहान मुलीसारखंच होतं. अडलं की जपानीत शिरायची. "शिंगरू थंडीत झोपतो. वाळूच्या आत. नोव्हेंबर ते मार्च. खात नाही, काही नाही. बाहेर मुंग्या पण नसतात. म्हणून दर वर्षी थंडीत बाबांचा मेसेज नसायचा. चार महिने. मग त्या वर्षी डिसेंबरमध्ये आला. अकरा मुंग्या खाल्ल्या म्हणून."

मी शिंगरूला एक एप्रिल ते जून एवढाच ओळखत होते. तो थंडीत झोपतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. काकांना तर ते माहीत होतं. खोटंच लिहायचं तर मग थंडीचे चार महिने तरी गप्प का बसा, असं त्यांना वाटलं असणार.

"मला कळला, तो नाहीये. आणि बाबांना माझ्याशी बोलायचंय," ती म्हणाली. "मी खरं बोलले असते तर बाबा थांबले असते. म्हणून मी पण नाही बोलले. मेमध्ये यायचं होतं. बाबा म्हणाले, कात निघतेय. मला वाटलं, आले तर बाबांना लाज वाटेल. खोटं सापडेल. नाही आले."

मी हातातली पिशवी खाली ठेवली. इतके दिवस मी एका सरड्याचा जीव उरावर घेऊन वावरत होते. त्याच्यापायी ही दोघं भेटली नाहीत, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. आता गप्प बसणं मला शक्य नव्हतं.

"ऐक," मी म्हटलं. "शिंगरू वय होऊन नाही गेला. तो माझ्या हातून गेला."

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे, मग खिडकीकडे.

"कुठे गेला?" तिनं विचारलं.

मराठीत माणसाला लपायला किती जागा आहे, ते मला तेव्हा समजलं. हातून गेला. घडून गेलं. तिला ह्यातलं काहीच येत नव्हतं. तिला फक्त लहानपणचे सरळ शब्द येत होते, म्हणून मला तेच वापरावे लागले.

"कुठे नाही गेला. मेला. मी मारला. विषारी मुंग्या घातल्या. माझ्याच घरच्या."

मग खडू, गॅलरी, पाऊस, सगळं सांगितलं. संपल्यावर ती म्हणाली, "बाबांना माहीत होता?"

"हो. आल्याबरोबर कळलं त्यांना. पेटीत मेलेल्या मुंग्या होत्या. मग शनिवारी रेघही दिसली."

"काय बोलले?"

"पुसून टाक म्हणाले."

"मग?"

"मग चहा प्यायले."

"आणि नंतर?"

"नंतर दर शनिवारी येत राहिले. शेवटपर्यंत."

ती पेटीच्या काचेवर दोन्ही हात टेकून उभी राहिली. दहनाच्या वेळी न रडलेली ती पोर तिथे रडली. मी जवळ गेले, पण हात लावायचा धीर झाला नाही. बऱ्याच वेळानं तिनं बाहीनं नाक पुसलं.

"म्हणजे काही नसता झाला," ती म्हणाली. "मी पण आले असते, रिकामी पेटी बघितली असती, आणि आम्ही चहा प्यायलो असतो."